घटक ४ : पूर्वजाचे आयुष्य आणि त्याभोवतीचा काळ

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण चरित्र आणि आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारांचे स्वरूप पाहिले. तेथे ज्यांचा विचार केला त्या व्यक्ती बहुधा नामवंत होत्या. त्यांची पत्रे जपली गेली, भाषणे छापली गेली, समकालीनांनी त्यांच्याविषयी लिहून ठेवले. या घटकात आपण अशा माणसाकडे वळणार आहोत ज्याच्याविषयी फारसे कोणी काही लिहिलेले नाही, आणि तो माणूस आपल्याच घरातला आहे. या घटकाला जोडून असलेल्या प्रकल्पात तुम्हाला आपल्या एका पूर्वजाचे चरित्रपर टिपण लिहायचे आहे. जन्म, विवाह, स्थलांतर, उपजीविका, मृत्यू हे त्या आयुष्यातील टप्पे. आणि प्रत्येक टप्प्याभोवतीचा काळ कसा शोधावा व किती घ्यावा, हा या घटकाचा विषय.

असे प्रकल्प तपासताना एक मांडणी वारंवार आढळते. डाव्या बाजूला पूर्वज, उजव्या बाजूला देश. '१९२० : पणजोबांचा विवाह. याच वर्षी लोकमान्य टिळकांचे निधन झाले.' दोन्ही विधाने खरी असतील, परंतु त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे लिहिणाऱ्याने सांगितलेले नसते. बहुतेक वेळा तसा संबंध नसतोच. पाठ्यपुस्तकातील तारखा पूर्वजाच्या तारखांशेजारी नेऊन ठेवल्याने संदर्भ तयार होत नाही. त्या माणसाच्या निर्णयापर्यंत, ताटापर्यंत, वाटेपर्यंत आणि त्याच्या नावाच्या कागदापर्यंत जो काळ पोहोचला, तोच त्याचा ऐतिहासिक संदर्भ होय. मोठी घटना त्याच्या दारापर्यंत आलीच नसेल, तर ती टिपणात नसावी. उलट एखादे कलम, एखादी साथ, एखादा नवा लोहमार्ग त्याचे आयुष्य वळवून गेला असेल, तर शालेय इतिहासात त्याला एक ओळ मिळालेली असो वा नसो, तुमच्या टिपणात त्याला पान द्यावे लागेल.

मराठीतील एक परिचित उदाहरण घेऊ. 'माझा प्रवास' लिहिणारे विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे. १८५७ चा उठाव त्यांनी जवळून पाहिला, झाशीचा पाडाव पाहिला; १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी त्यांचे लेखन प्रसिद्ध केले तेव्हापासून त्यांचे नाव त्या उठावाशी जोडलेले आहे. परंतु ते घरातून निघाले कशासाठी? घरावर कर्ज होते, आणि मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल, अशी वार्ता वरसईपर्यंत आली होती. त्यांच्या प्रवासाचा पहिला संदर्भ कर्ज आणि यज्ञ हा आहे. उठाव त्यांना वाटेत भेटला. हा क्रम उलटा केला की गोडसे भटजी क्रांती पाहण्यासाठी निघालेले वार्ताहर होऊन बसतात. आपल्या पूर्वजांबाबत आपण हा क्रम फार सहज उलटा करतो.

४.२ उदाहरणासाठी एक गाव आणि एक पणजोबा

पुढील विवेचनासाठी आपण मुंबईच्या उपनगरातील मालाड हे ठिकाण घेऊ आणि तेथील एक पणजोबा कल्पू. त्यांना नाव देण्याची आवश्यकता नाही. ते कल्पित आहेत, हे ध्यानात ठेवावे. त्यांच्याभोवतीचा काळ मात्र खरा आहे. घरात त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगितल्या जातात असे समजू. ते प्लेगाच्या साली शेतातल्या झोपडीत जन्मले. त्यांनी 'राजाच्या दरवाजा'साठी दगड वाहिला. त्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न घाईघाईने उरकले. आणि ते वारले तेव्हा मालाड 'मुंबईत नव्हते'. बहुतेक घरांत पूर्वजाविषयी इतकीच सामग्री असते. ती कमी नाही.

प्रथम गावाविषयी. आज मालाड म्हणजे मुंबई, असे आपण गृहीत धरतो. पण मालाड हे साष्टी बेटावरचे गाव, आणि साष्टीचा इतिहास मुंबई बेटाहून वेगळा आहे. १५३४ च्या तहाने वसईबरोबर हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला; १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली; १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. त्यानंतर दीर्घकाळ मालाड ठाणे जिल्ह्यातील साष्टी तालुक्याचा भाग होते. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये प्रथम निर्माण झाला. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढली तेव्हाही मालाड बाहेरच राहिले. १९५७ मध्ये ही हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली तेव्हा ते महापालिकेत आले. १९९० मध्ये उपनगर जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला.

ही सनावळी पाठ करण्यासाठी दिलेली नाही. तिचा उपयोग व्यावहारिक आहे. एकाच घरातील तीन पिढ्या त्याच अंगणात जन्मल्या तरी त्यांच्या नोंदी वेगवेगळ्या दप्तरांत असू शकतात, कारण अंगण जागचे हलले नाही पण जिल्हा हलला. पणजोबांच्या मृत्यूची नोंद महापालिकेकडे मागितली आणि ती 'आढळून येत नाही' असे उत्तर आले, तर तेवढ्यावरून शोध सोडू नये. ते १९५७ पूर्वी वारले असतील, तर ती नोंद महापालिकेने केलेली नव्हे. आधीच्या स्थानिक संस्थेच्या वा तालुक्याच्या दप्तरापासून शोधाला आरंभ करावा लागेल. 'तेव्हा मालाड मुंबईत नव्हते' हे घरातले वाक्य त्या अर्थाने अक्षरशः खरे आहे. उपनगरातील वृद्ध माणसे आजही चर्चगेटकडे जाताना 'मुंबईला जाऊन येतो' म्हणतात. नकाशावर पुसली गेलेली हद्द बोलण्यात टिकून राहते, ती अशी.

४.३ 'प्लेगाच्या साली'

जुन्या पिढीची कालगणना आकड्यांत नसते, आपत्तींत असते. प्लेगाचे साल, मोठ्या दुष्काळाचे साल, मानमोडीची साथ, घर वाहून गेले तो पाऊस. अशा शब्दप्रयोगांना अज्ञानाचे लक्षण मानू नये. ते बोलणाऱ्याच्या समाजाचे पंचांगच असते. मात्र त्याचे इसवी सनात रूपांतर करताना सावधगिरी हवी.

मुंबईत प्लेगचे निदान सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात झाले, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ते केले. येथे अनेक विद्यार्थी थांबतात आणि 'जन्म : १८९६' असे लिहून टाकतात. परंतु प्लेग एक वर्ष येऊन गेला नाही. तो अनेक वर्षे परतपरत येत राहिला, आणि प्रत्येक गावाचे 'प्लेगाचे साल' निराळे असू शकते. म्हणून दुसरा दुवा शोधावा. जन्मपत्रिका असेल, पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आजोबांनी केलेली नोंद असेल, ख्रिस्ती कुटुंब असेल तर चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवहीतील ओळ असेल.

समजा, पोथीवर 'शके १८१८, दुर्मुखनाम संवत्सर, माघ' एवढे लिहिले आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. पण शक चैत्रात सुरू होतो आणि सन जानेवारीत, त्यामुळे माघ-फाल्गुनाच्या नोंदीला ७९ मिळवावे लागतात. पौष या दोहोंच्या सांध्यावर येतो, तेव्हा तिथी पाहून ठरवावे. हा जन्म १८९७ च्या आरंभीचा. केवळ संवत्सराचे नाव लिहिलेले असेल तर अधिक जपावे, कारण साठ संवत्सरांचे चक्र पुन्हा येते आणि आजोबा व नातू एकाच संवत्सरात जन्मलेले असू शकतात. (प्लेगाच्या पहिल्या सालाला पंचांगाने 'दुर्मुख' हेच नाव द्यावे, हा निव्वळ योगायोग, त्यावर टिपणात परिच्छेद लिहू नये.)

आता 'शेतातल्या झोपडीत जन्मले' हे वाक्य पाहू. घरच्यांना ते दारिद्र्याचे वर्णन वाटते. प्लेगाचा संदर्भ मिळाला की त्याचा अर्थ बदलतो. साथ आली की गाव सोडून रानात, शेतात झोपड्या बांधून राहण्याची रीत त्या काळी पडली होती. मुंबईतून लाखो माणसे बाहेर पडली, त्यांतील कित्येक साष्टीच्या गावांकडे आली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि घरझडती, विलगीकरण यांना कायद्याचे बळ मिळाले. साष्टीतील आणि मुंबईतील ईस्ट इंडियन वस्त्यांत त्या काळी उभारलेले प्लेगचे क्रूस आजही रस्त्याच्या कडेला दिसतात. त्यांच्या चौथऱ्यावरील सन वाचून पाहावेत. म्हणजे ती झोपडी कुटुंब गरीब होते याचा पुरावा होऊ शकत नाही. घर असूनही ते सोडावे लागले, असाही तिचा अर्थ निघतो. दोन्हींपैकी कोणता खरा, हे अन्य पुराव्यावरून ठरवावे.

त्याच वर्षी, २२ जून १८९७ रोजी, पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पाच महिन्यांच्या बाळाच्या चरित्रात ही घटना घ्यावी काय? साथीच्या वेळी सरकारी झडतीची लोकांना किती चीड होती, हे दाखवण्यासाठी अर्धे वाक्य चालेल. त्याहून अधिक नको.

स्वयं-अध्ययन : तुमच्या घरात ऐकू येणारे एक कालदर्शक वाक्य ('अमक्या साथीत', 'तमक्या पुरात') घ्या आणि ते कोणकोणत्या वर्षांना लागू पडू शकते, हे पाच ओळींत लिहा.

४.४ राजाचा दरवाजा : आठवणीची पारख

या घटकातील सर्वांत उपयुक्त उदाहरण हे आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळू.

'पणजोबांनी राजाच्या दरवाजासाठी दगड वाहिला. राजा आला तेव्हा ते तिथे होते.' ऐकताक्षणी आपल्या मनात गेटवे ऑफ इंडिया उभे राहते. या आख्यायिकेला मालाडमध्ये भक्कम आधार आहे. मालाडच्या खाणींतील पिवळसर दगड 'मालाड स्टोन' या नावाने वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत नोंदलेला आहे, आणि गेटवेचा पिवळा दगड खारोडीचा. खारोडी हे मालाडच्या पश्चिमेस, मार्वेच्या वाटेवरचे गाव. तेव्हा दगड इथला, मजूरही इथला असणे स्वाभाविक.

परंतु तारखा मांडून पाहा. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले. त्या वेळी तेथे दगडी कमान नव्हती; स्वागतासाठी उभारलेली तात्पुरती शोभेची रचना होती. कायमच्या वास्तूची कोनशिला त्याच वर्षी ३१ मार्चला बसवली गेली होती. पण जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याला मान्यता मिळाली १९१४ मध्ये, पायाचे काम पुरे झाले १९२० मध्ये, आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते झाले. राजा आला तेव्हा दरवाजा नव्हता, आणि दरवाजा झाला तेव्हा राजा आला नाही. शिवाय १९११ मध्ये आपले पणजोबा चौदा वर्षांचे होते.

मग घरची आठवण खोटी का? असा निष्कर्ष घाईचा ठरेल. १९२० ते १९२४ या काळात ते तेवीस ते सत्तावीस वर्षांचे, अंगात बळ असलेले. दरवाजासाठी दगड त्यांनी वाहिला असणे पूर्णपणे शक्य आहे. 'राजा आला तेव्हा' हा भाग पुढच्या पिढीने त्या वास्तूच्या ख्यातीवरून जोडला असेल. वास्तूच्या माथ्यावर राजाच्या आगमनाचा लेखही कोरलेला आहे. तो कोणी वाचून दाखवला असेल आणि दोन गोष्टींची एक झाली असेल.

आणखीही एक शक्यता आहे. हाच राजा युवराज असताना मुंबईस येऊन गेला होता. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी त्याने एका वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसवली. तेच प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. त्याचेही वास्तुविशारद विटेटच, आणि त्याच्या भिंतींत कुर्ल्याच्या दगडाबरोबर मालाडचा दगड आहे. ती इमारत १९१४ मध्ये उभी राहिली. महायुद्धात ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि १९२२ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. त्या कामावर पणजोबांचे वडील असतील, आणि मुलगा खटाऱ्यामागे चालत गेला असेल. म्हणजे 'राजा' एक, त्याच्या नावाशी जोडलेल्या वास्तू दोन, दगड एकाच गावचा, आणि घरात सांगितलेली गोष्ट एक. आठवण बहुधा खोटे सांगत नाही, ती दाटीवाटीने सांगते. दोन माणसांचे श्रम आणि वीस वर्षांचा काळ ती एका वाक्यात कोंबते. चरित्रकाराने ते वाक्य फेकून द्यायचे नसते आणि जसेच्या तसे छापायचेही नसते. ते उलगडायचे असते.

टिपणात हा परिच्छेद कसा लिहावा? 'पणजोबांनी गेटवे ऑफ इंडिया बांधला' हे वाक्य नको. 'घरी असे सांगत की... ; १९२० नंतरच्या बांधकामाशी त्यांचे वय जुळते; राजाच्या १९११ च्या आगमनाशी जुळत नाही' अशी निश्चिताची आणि संभाव्याची वेगळी वाक्ये हवीत. मराठीत यासाठी क्रियापदांची उत्तम सोय आहे. 'होते', 'असावेत', 'असतील', 'म्हणत', 'म्हणे' या रूपांनी खात्रीच्या निरनिराळ्या पायऱ्या दाखवता येतात. 'म्हणे' या एका शब्दात ऐकीव माहिती सांगणारा आणि ती ऐकणारा असे दोघेही येतात. हे शब्द जपून वापरा. प्रकल्पाची प्रामाणिकता बरीचशी यांवर ठरते.

आता दगडाची दुसरी बाजू. कोनशिलेवर राजाचे नाव असते, विटेट यांचे नाव पुस्तकांत असते. खाणीत सुरुंग लावणाऱ्याचे आणि टाकी मारणाऱ्याचे नाव कोठे असते? कदाचित मुकादमाच्या हजेरीपटात होते आणि तो पट वाळवीने खाल्ला. जुन्या मराठी कागदांत निरक्षर माणसाची निशाणी काढलेली असे. कुणब्याची निशाणी नांगर. पुढे तिची जागा अंगठ्याने घेतली. दगडफोडीच्या कामात पिढ्यानपिढ्या असलेल्या वडार समाजासारख्या फिरत्या कुटुंबांना सातबाराही नव्हता. काम संपले की पाल उठवायचे. त्यांच्या वंशजांना या घटकातील बरीचशी साधने उपलब्ध नसतील. त्यांनी वास्तूलाच कागद मानावे. खाण कोठे होती, ती केव्हा बंद पडली, तेथे आज काय आहे, दगड रस्त्याने गेला की खाडीतून, ही विचारपूसही संशोधनच आहे.

४.५ पणजी : जिचे नाव दोनदा बदलते

घराण्याच्या वंशवृक्षात स्त्रियांच्या फांद्या तुटलेल्या असतात, हे तुम्ही पाहिले असेल. याचे एक कारण भाषिक आहे. लग्नात नवऱ्या मुलीचे नवे नाव ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिले जाते, आणि त्या क्षणापासून तिचे माहेरचे नाव आणि आडनाव दोन्ही कागदांतून नाहीसे होतात. पणजीचा जन्म शोधायचा असेल तर आधी तिचे माहेरचे नाव शोधावे लागते, आणि ते बहुधा घरातल्या एखाद्या वृद्ध आत्याबाईंनाच आठवत असते. त्यांना आजच विचारा. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. हे प्रामुख्याने उत्तर भारतात घडले; पण नवऱ्याचे नाव उखाण्यातच घेणाऱ्या आणि स्वतःचे नाव क्वचितच ऐकणाऱ्या आपल्या पणज्याही त्याच जगातल्या.

आता थोरल्या मुलीचे 'घाईघाईने उरकलेले' लग्न. समजा, लग्नपत्रिका वा याद सापडली आणि तीवर फाल्गुन शके १८५१ असा काल आहे. वर केलेल्या नियमाने हा मार्च १९३० येतो. मार्च १९३० म्हटले की प्रत्येक विद्यार्थ्याची लेखणी दांडीकडे वळते. १२ मार्चला महात्मा गांधी साबरमतीहून निघाले. मालाडपासून काही स्थानके अलीकडे, विलेपार्ल्यास, सत्याग्रहाची छावणीही पडली. पण या लग्नाच्या घाईशी मिठाचा संबंध नाही.

संबंध आहे तो दुसऱ्या एका तारखेशी. बालविवाह प्रतिबंधक कायदा, ज्याला लोक सारडा कायदा म्हणत, १९२९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा पूर्ण झालेले असले पाहिजे, असे त्याने ठरवले. कायदा लागू होण्याआधीच्या महिन्यांत देशभर लहान मुलांची लग्ने लावून टाकण्याची धांदल उडाली. १९३१ च्या जनगणनेत बालवधूंची संख्या त्यामुळे फुगलेली दिसते. आपल्या उदाहरणातील थोरली मुलगी त्या वेळी सात-आठ वर्षांची असेल. 'घाई' या एका शब्दात हा सगळा कायदा दडलेला आहे.

येथे चरित्रकाराची खरी परीक्षा असते. ही माहिती पणजोबांच्या प्रतिमेला शोभणारी नाही. घरातील मंडळी म्हणतील, हे कशाला लिहायचे? माझे मत असे की लिहावे, आणि न्यायाधीशाच्या स्वरात लिहू नये. ज्या माणसाने उन्हातान्हात दगड वाहिला त्यानेच आठ वर्षांच्या मुलीला बोहल्यावर उभे केले. दोन्ही गोष्टी त्याच्याच. त्या मुलीचे पुढे काय झाले, ती किती दिवस माहेरी राहिली, तिला कोणी शाळेत घातले का, हे शोधणे अधिक मोलाचे. तिच्या वडिलांचा बचाव करण्यात किंवा त्यांना दोष देण्यात टिपणाची पाने घालवू नयेत.

१९१८ च्या इन्फ्ल्युएंझालाही असाच स्त्रियांच्या बाजूने पाहता येईल. लोक तिला मानमोडी म्हणत. त्या साथीने भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली. तुमच्या वंशवृक्षात १९१८-१९ च्या सुमारास एखाद्या पुरुषाचा दुसरा विवाह दिसला, तर पहिली पत्नी कशाने गेली, हा प्रश्न अवश्य विचारा. अनेक घरांत तिचे नावही उरलेले नाही.

४.६ आगगाडी, स्टुडिओ, रेशन

पुढचे टप्पे थोडक्यात पाहू, कारण त्यांची साधने मुबलक आहेत आणि ती तुम्हाला सहज मिळतील. विरारहून मुंबईकडे उपनगरी गाडी १८६७ मध्ये सुरू झाली, तेव्हा दिवसाला एकच. बोरिवलीची 'बेरेवला' आणि गोरेगावची 'पहाडी' अशी त्या काळच्या स्थानकांची नावे. जुन्या कागदात ती आढळली तर गोंधळू नये. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली आणि मालाडमध्ये राहून मुंबईत रोज नोकरी करणे सुकर झाले. पूर्वजाने 'गाव सोडले नाही पण नोकरी धरली' असे घरात सांगत असतील, तर हे वर्ष तपासून पाहावे.

१९३४ मध्ये हिमांशु राय आणि देविका राणी यांनी मालाडमध्ये बॉम्बे टॉकीज उभारली. तेथे फ्रांत्स ओस्टेन यांच्यासारखे जर्मन तंत्रज्ञ काम करीत. 'अछूत कन्या' हा १९३६ चा चित्रपट त्यांनीच दिग्दर्शित केला. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना स्थानबद्ध केले गेले. स्टुडिओत सुतारकाम करणाऱ्या आजोबांकडून 'साहेब एका दिवसात नाहीसे झाले' अशी गोष्ट कोणी ऐकली असेल, तर दुसरे महायुद्ध मालाडच्या पश्चिमेस कोणत्या रूपाने आले, हे त्या वाक्यात आहे. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. रेशनकार्डाकडे बहुतेकजण पत्त्याचा पुरावा म्हणूनच पाहतात. मात्र जुने कार्ड मिळाले तर त्यावरील माणसांची संख्या, वये आणि खोडलेली नावे वाचावीत. नाव खोडले जाणे म्हणजे मृत्यू, विवाह वा स्थलांतर, तिन्हींपैकी एक.

४.७ कागदाची निकड

या विषयाकडे केवळ हौस म्हणून पाहता येत नाही, हे तुमच्यापैकी अनेकांना माझ्याहून अधिक ठाऊक असेल. जात पडताळणीसाठी पूर्वजाच्या नोंदी गोळा करून प्लॅस्टिकच्या पिशवीत सांभाळणारी कुटुंबे प्रत्येक वस्तीत आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा वास्तव्याचा वा जातीचा पुरावा त्यांना शोधावा लागतो. दगड वाहणाऱ्या पणजोबांची आठवण ज्यांना केवळ अभिमानाची वाटते त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की दुसऱ्या एखाद्या घरात त्याच पणजोबांच्या नावाची एक ओळ नातवाच्या प्रवेशाचा आधार असते. सरकारी पुरावा आणि चरित्राचा पुरावा यांच्या कसोट्या मात्र वेगळ्या आहेत. समितीला 'असावेत' चालत नाही. चरित्राला चालते, किंबहुना हवेच असते.

शाळा सोडल्याचा दाखला हा या पिशवीतला सर्वांत सामान्य कागद. त्यावर जन्मतारीख १ जून दिसली तर ती खरी मानण्याची घाई करू नये. शाळा जूनमध्ये भरत; पालकांना तारीख ठाऊक नसे; गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून लिहीत. महाराष्ट्रात असंख्य माणसांचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. ही तारीख जन्माविषयी फारसे सांगत नाही, पण त्या घरातून शाळेत गेलेली पहिली पिढी कोणती, हे मात्र नेमके सांगते. गावठाणातील घराची मिळकत पत्रिका, शेतजमिनीचा फेरफार आणि मोडी लिपीतील खासगी कागद यांचाही असाच दुहेरी उपयोग होतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा खासगी व्यवहार मोडीत असू शकतो, म्हणून 'वाचता येत नाही' या कारणाने कागद रद्दीत देऊ नयेत. साष्टीतील अनेक गावे खोती इस्टेटींत होती आणि १९५१ च्या साष्टी इस्टेट कायद्याने त्यांची सारामाफी रद्द झाली. मालाड परिसरातील फेरफार वाचताना हे वर्ष हाताशी ठेवावे.

४.८ स्वाध्याय

१. आपल्या पूर्वजाविषयी घरात सांगितली जाणारी एक आठवण निवडा. तिच्यातील माणूस, स्थळ आणि काळ हे तीन घटक वेगळे करून, कोणते परस्परांशी जुळतात आणि कोणते जुळत नाहीत, ते सुमारे २५० शब्दांत लिहा.

२. पूर्वजाच्या आयुष्यातील एका टप्प्याजवळची एक 'मोठी' राष्ट्रीय घटना आणि एक 'लहान' स्थानिक वा कायदेविषयक घटना शोधा. टिपणात कोणती घ्याल व का?

३. 'होते', 'असावेत', 'असतील', 'म्हणत', 'म्हणे' यांपैकी किमान चार रूपे वापरून पूर्वजाविषयी एक परिच्छेद लिहा.

४. घरातील सर्वांत वयोवृद्ध स्त्रीला तिच्या आजीचे माहेरचे नाव विचारा. उत्तर मिळाल्यास ते नाव, गाव आणि सांगणारीचे आजचे वय अशी नोंद दिनांकासह प्रकल्पवहीच्या पहिल्या पानावर करा; न मिळाल्यास कोणाकोणाला विचारले, ते लिहा.